चिऱ्याचा भुगा आणि रंकाळ्याचं हिरवं पाणी

दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणी ना कुणी एक बातमी फॉरवर्ड करतंच. कधी केळीच्या सालीने पाणी शुद्ध, कधी शेंगांच्या टरफलांनी, कधी अंड्याच्या कवचाने, आणि खाली लिहिलेलं असतं "बघ, तुझ्याच विषयातलं आहे". हो बाबा, माझ्याच विषयातलं आहे, एमएस्सीला असताना अख्खं एक वर्ष मी हेच केलंय, म्हणून तर असलं काही वाचलं की आधी हसू येतं आणि मग थोडा राग. ९५ टक्के फॉस्फेट काढलं म्हणे. अहो पण कशातून काढलं, आधी होतं किती, आणि काढल्यावर ते गेलं कुठे, हे कुणीच विचारत नाही. तर आज एकदाचं सगळं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी कुणी पाठवलं की हेच चिकटवायचं.

तर आमचं कॉलेज कोल्हापुरात. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ खायला जायचो तेव्हा उन्हाळ्यात कधी कधी वारा फिरला की असा वास यायचा की भेळ तशीच टाकून उठावं वाटायचं. जवळ जाऊन बघितलं तर दुधावर साय धरावी तशी पाण्यावर हिरवी साय, आणि काठाला लागून ती घट्ट होऊन निळसर पोपटी झालेली, म्हणजे कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केलाय असं वाटावं. शेजारचे काका म्हणायचे केमिकल सोडलंय कुणीतरी. केमिकल वगैरे काही नाही, ते शेवाळ असतं, नीलहरित शेवाळ, आणि त्याला खायला आपणच घालतो. सांडपाण्यातून, साबणातून, शेतातल्या खतातून. शेतकऱ्याला जे नत्र आणि स्फुरद विकत आणावं लागतं ते तळ्याला आपण फुकट देतो, मग तळंही पीक काढून दाखवतं.

यातलं खरं नाटक स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं. पाण्यात तो फॉस्फेटच्या रूपात असतो. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा शेवाळाला बाकी सगळं मुबलक असतं आणि फॉस्फरस तेवढा कमी पडतो, म्हणून तो मिळाला रे मिळाला की गाडी सुटते. लिटरमागे साधारण ०.०३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तळं हिरवं पडायच्या लायनीत आलं समजायचं, आणि एक किलो फॉस्फरसवर वाळवलेलं धरलं तरी शंभर किलोच्या वर शेवाळ उभं राहू शकतं, ओलं तर कितीतरी जास्त. हे कुणाला खोटं वाटत असेल तर कॅनडातल्या ओंटारिओमधल्या २२६ नंबरच्या तळ्याचा फोटो शोधून बघा. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या टीमने त्या तळ्याच्या मधोमध, जिथे ते अरुंद होतं, तिथे चक्क पडदा लावून दोन भाग केले, एका बाजूला कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि शिवाय फॉस्फरस. विमानातून काढलेला फोटो आहे, एक बाजू काळीशार नितळ आणि दुसरी मूगडाळीच्या सालीसारखी हिरवी. मला सरांनी पहिल्या दिवशी तो फोटो दाखवला आणि म्हणाले हा कळला की निम्मा प्रोजेक्ट कळला. तेव्हा काही कळला नव्हता.

प्रोजेक्टचं नाव असं भारदस्त होतं की घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. सोप्या भाषेत, स्वस्तातलं काहीतरी शोधायचं जे पाण्यातला फॉस्फेट धरून ठेवेल. याला पुस्तकी मराठीत अधिशोषण म्हणतात. शोषण नव्हे. गुलाबजाम पाक पितो ते शोषण, आणि संक्रांतीच्या हलव्यात तिळावर बाहेरून साखरेचा काटा चढतो ते अधिशोषण, पृष्ठभागावर बसणं. त्यामुळे जितका बारीक दाणा तितका जास्त पृष्ठभाग, तितकी जास्त जागा बसायला, आणि जागा भरली की संपलं, पुढचा पाहुणा दारातूनच परत. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथेच येऊन अडकते.

आता कोल्हापुरात राहून स्वस्तातलं म्हटल्यावर डोक्यात काय येणार? साखर कारखान्याची राख. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख ढिगाने मिळते, फुकट मिळते, नेणाऱ्याचेच आभार मानतात. मी एका मैत्रिणीच्या वडिलांच्या ओळखीने पोतंभर आणली, धुतली, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवली, चाळली, फ्लास्कमध्ये फॉस्फेटचं पाणी घालून शेकरवर लावली. दोन तासांनी गाळून टेस्ट केली. ही टेस्ट मला फार आवडते, अमोनियम मॉलिब्डेट, थोडं अँटिमनीचं मीठ, सल्फ्युरिक ॲसिड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी एकत्र करायचं, ते मिश्रण चार तासांत संपवायचं नाहीतर वाया, आणि पाण्यात फॉस्फेट असेल तर दहा मिनिटांत निळा रंग चढत जातो. जितकं जास्त फॉस्फेट तितका गडद निळा. मर्फी आणि रायली या दोघांनी १९६२ मध्ये बसवलेली पद्धत, अजून जगभर तीच चालते. बाटल्या साबणाने धुवायच्या नाहीत, पातळ ॲसिडने धुवायच्या, कारण साबणात फॉस्फेट असलं तर बाटलीच निळी सांगते.

तर राखेच्या फ्लास्कचं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त निळं आलं. कमी नाही, जास्त! मला वाटलं बाटल्या अदलाबदल झाल्या, परत केलं, परत तेच. रडायची वेळ आली. सर आले, बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ब्लँक घेतलास का?" नव्हता घेतला. म्हणजे नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये राख हलवून बघायची असते, ती मी बघितलीच नव्हती. बघितली तर तेही निळं. उसाच्या राखेत उसाने जमिनीतून घेतलेला स्फुरद असतोच की, तो पाण्यात उतरत होता, मी पाणी साफ करायच्या ऐवजी खत घालत होते. शिवाय ही राख बहुतेक सिलिका, तिचा पृष्ठभाग ऋण भाराचा, फॉस्फेटही ऋण भाराचा, ते एकमेकांना जवळ कशाला करतील. म्हणून रिसर्च पेपरांत लोक अशा राखेवर, भुश्श्यावर, सालींवर लोखंडाचं नाहीतर लँथेनम नावाच्या धातूचं मीठ चढवतात आणि मग ते चालतं. बातमीत मात्र छापून येतं की उसाच्या चिपाडाने काम केलं. काम लोखंडाने केलेलं असतं हो, चिपाड नुसतं बसायला पाट.

अंड्याच्या कवचाचंही तसंच. भट्टीत आठशे-साडेआठशे डिग्रीच्या वर तापवलं की त्याचा कळीचा चुना होतो, तो पाण्यात टाकला की फॉस्फेट खाली बसतं हे खरं, पण ते चुन्याच्या निवळीने साका बसवणं झालं, अधिशोषण कमी आणि साकाच जास्त, आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, जे सातला समतोल असतं, ते जातं बारापर्यंत. ते पाणी तळ्यात सोडा आणि मग माशांना विचारा कसं वाटतंय. आणि त्या भट्टीची वीज फुकट असते का? लो-कॉस्ट म्हणताना ती कुणी धरतच नाही.

राखेने असा दगा दिल्यावर दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले, संगमेश्वर तालुक्यात. तिथे मामाबरोबर जेवताना नेहमीचं रडगाणं चाललेलं, की आमच्या लाल मातीत सुपर फॉस्फेट कितीही ओता, झाडाला लागूच होत नाही, कुठे जातो देव जाणे. मी घास हातात धरून बसले. कुठे जातो म्हणजे काय, मातीच धरून ठेवते ना! जांभ्याच्या मातीत लोखंड आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं ठासून भरलेली, त्यांच्या अंगावर जे हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात ते बाजूला सारून फॉस्फेट तिथे घट्ट बसतो, शेतकी खात्यातले लोक यालाच स्फुरद स्थिरीकरण म्हणतात. माझ्या वहीत ही गोष्ट एका धड्यात होती आणि मामाची तक्रार दुसऱ्या धड्यात, दोन्ही एकच आहेत हे मला वरणभात खाताना कळलं.

दुसऱ्या दिवशी मामाला म्हटलं मला चिरेखाणीवर ने. चिरेखाण ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, मशीनचं गोल पातं जांभ्यात उभं-आडवं फिरतं आणि चिरे सुटे होतात, पण पात्याच्या रुंदीइतका दगड प्रत्येक कापात भुगा होऊन जातो, तो लालभडक भुगा सगळीकडे, कामगारांच्या भुवयांवरसुद्धा. खाणीच्या कडेला त्याचे डोंगर. मामा म्हणाला, "काय गो, एवढं शिकलीस ती दगडाचा भुगा गोळा करायला? ने की टेम्पो भरून." टेम्पो नको होता, मामीची लोणच्याची एक मोठी प्लॅस्टिकची बरणी रिकामी होती ती भरून घेतली. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं मसाला का? मी हो म्हणाले.

आणि काय सांगू, पहिल्याच फेरीत निळा रंग जवळजवळ गायब. आधी ब्लँक बघितला यावेळी, तोही स्वच्छ. एका बाजूला शाईसारखी बाटली, दुसरी नुसत्या आभाळासारखी फिकट. मी त्या दोन बाटल्या खिडकीत उन्हात ठेवून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, आईने अंगठा दिला. यात तसं नवल काही नव्हतं, फॉस्फेटचा भाऊबंद म्हणजे आर्सेनिकचा आर्सेनेट, तोही जांभ्यावर असाच बसतो आणि आयआयटी खरगपूरने त्यावर आर्सेनिकचे फिल्टरही केलेत. पण स्वतःच्या हाताने झालं की वेगळंच वाटतं.

मग सर म्हणाले, आता रंकाळ्याचं पाणी आण.

इथून खरी मजा. तोपर्यंत मी लिटरला १० मिलिग्रॅम फॉस्फरसचं पाणी वापरत होते, डिस्टिल्ड वॉटरमध्ये पोटॅशियमचं फॉस्फेट विरघळवून केलेलं, त्यात दुसरं कुणी नाहीच. पेपरांत तर ५०, १०० घेतात. तळ्यात असतो त्याच्या शंभरावा हिस्सा, आणि सोबत बायकार्बोनेट, सल्फेट, कुजलेल्या पानांचा पिवळा रस, सगळे त्याच खुर्च्यांसाठी धावतात. गर्दी असली की दार ढकलून आत शिरणारे जास्त, तशी पाण्यात फॉस्फेट जास्त असला की भुग्यावर जास्त बसतो, पातळ झाला की कमी. लँगम्युअरने १९१८ मध्ये गणितात मांडलं ते हेच. त्यामुळे पेपरात जी ग्रॅममागे २० मिलिग्रॅमची क्षमता छापलेली असते ती तळ्याकाठी अर्ध्या मिलिग्रॅमवर यायला वेळ लागत नाही.

वर अजून एक गंमत. दुपारचं पाणी आणलं की भुगा नीट काम करेना आणि पहाटेचं आणलं की करायचा. दोन आठवडे मी डोकं धरून बसले होते, शेवटी पीएच मीटर काठावर घेऊन गेले. शेवाळ दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं त्यामुळे दुपारी पीएच नऊच्या वर चढतो, आणि पीएच चढला की जांभ्याचा पृष्ठभाग धन भाराचा राहत नाही, ऋणाकडे झुकतो, फॉस्फेटला ढकलायला लागतो. म्हणजे तळं जितकं जास्त हिरवं तितकं आपलं औषध कमी चालणार. आजारी माणसाला लागू होत नाही असं औषध, घ्या.

आता हिशोब करू, कारण हा कुणी करत नाही. समजा १० लाख घनमीटर पाण्याचं तळं आहे आणि लिटरला ०.२ मिलिग्रॅम फॉस्फरस. म्हणजे एकूण २०० किलो, चार पोती, फार वाटत नाही. पण ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम या दराने तो धरायला भुगा लागतो ४०० टन. दहा टनी डंपर धरा, ४० फेऱ्या, संगमेश्वरहून आंबा घाट चढून. भुगा फुकट, डिझेल नाही. पन्हाळ्याजवळ मसाईच्या पठारावर जांभा आहे की असं मला मित्र म्हणाला, भावा तिथलं पठार खणायला निघालास तर मीच आडवी पडेन. परदेशात यासाठी फॉसलॉक नावाचा माल मिळतो, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात काढलेला, बेंटोनाइट मातीत पाचेक टक्के लँथेनम बसवलेला, त्याच्या साधारण १०० किलोत एक किलो फॉस्फरस कायमचा अडकतो, म्हणजे आपल्या तळ्याला २० टन. माल चांगला आहे पण लो-कॉस्ट म्हणता येत नाही.

बरं ४०० टन टाकले समजा. तळाशी काय होतं ते मी एका बरणीत बघितलंय. तळ्यातला गाळ घेतला, काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा, त्यावर तळ्याचंच पाणी, त्यावर लाल भुग्याचा बोटभर थर बसू दिला आणि झाकण घट्ट लावून कपाटात ठेवून दिली. पहिला आठवडा सुंदर, वर नितळ पाणी, खाली विटकरी थर. मग थराच्या खालच्या कडेला राखाडी रेघ दिसायला लागली, ती रोज थोडी वर सरकायची, महिन्याभरात लाल रंग गेला आणि सगळं शिशासारखं काळपट झालं. वरच्या पाण्याची टेस्ट केली तर असा गडद निळा की पाणी पातळ केल्याशिवाय रंग मोजायच्या मीटरवर मावेना. झालं काय, गाळात ऑक्सिजन संपला की जिवाणू लोखंडाचाच वापर करतात, तीन भाराचं लोखंड दोन भाराचं होऊन विरघळतं आणि त्याने जपून धरलेला फॉस्फेट हात सोडून वर येतो. क्लिफर्ड मॉर्टिमर या माणसाने इंग्लंडच्या तळ्यांमध्ये हे १९४१-४२ लाच दाखवलंय. ॲल्युमिनिअमला हा रोग नाही, म्हणून पाणी शुद्धीकरण केंद्रात तुरटीचा जो गाळ उरतो तो या कामाला जांभ्यापेक्षा बरा असं माझं मत झालंय, तोही बहुतेक ठिकाणी टाकूनच देतात. त्यातलं ॲल्युमिनिअम पाण्यात सुटत नाही ना हे आधी तपासायचं, एवढंच.

तेव्हा भुगा तळ्यात टाकायचा नाही, नाल्यावर बसवायचा, जिथे पाणी वाहतं, हवा लागते आणि फॉस्फेट दाट असतो. मी दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचे बूड कापून कॉलम केले. बारीक भुगा भरला तो अर्ध्या तासात चोंदला, वरून पाणी तसंच उभं. मग दोन-तीन मिलिमीटरची खर, म्हणजे जाड दाणे, चाळून घेतली, तिच्यातून पहिले दोन दिवस लालच पाणी आलं, नंतर नितळलं, पण जाड दाणा म्हणजे पृष्ठभाग कमी. हा झगडा शेवटपर्यंत सुटला नाही. आणि हिशोब इथेही आहेच. एका माणसाकडून दिवसाला दीडेक ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो, एक हजार घरं, चार हजार माणसं, म्हणजे रोज सहा किलो. ग्रॅमला दोन मिलिग्रॅम धरलं तरी रोज तीन टन खर. रोज! मैलापाणी प्रक्रियेतून काढून झाल्यावर शेवटी जे थोडं राहतं ते टिपायला हे फिल्टर छान आहेत, प्रक्रियेच्या जागी हेच बसवू म्हणणाऱ्याला मी हा आकडा दाखवते.

नत्राबद्दल पण विचारतात लोक. नायट्रेट कशावरच धड बसत नाही, पाण्याबरोबर सरळ विहिरीत जातो, म्हणून तर पिण्याच्या पाण्यात त्याला लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घालावी लागली. अमोनिया मात्र झिओलाइट धरतो, आणि झिओलाइट आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत भरपूर, पुण्या-नाशिकच्या खाणींत ते स्फटिक सापडतात आणि परदेशी संग्राहकांना विकले जातात. ॲक्वेरियमच्या दुकानात अमोनिया धरायला जे पांढरे खडे मिळतात तेही बहुतेक झिओलाइटच. पण नुसतं नत्र काढून फार उपयोग नाही, काही नीलहरित शेवाळं हवेतलं नत्र घेतात, ती काय आपली वाट बघतायत.

प्रोजेक्ट संपला, मार्क बरे मिळाले, रिपोर्टमध्ये काळ्या पडलेल्या बरणीचा फोटो घातला तर एका परीक्षकांनी विचारलं हा निगेटिव्ह रिझल्ट कशाला छापलात. मी काहीतरी बोलले, आता आठवत नाही.

वापरलेली खर मी मामीच्याच त्या बरणीत भरून ठेवली होती, अर्धा किलोभर. गेल्या मे महिन्यात आजोळी नेली. मामा म्हणाला आण, मिरचीला घालू, खत धरलंय ना त्यात. मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला, ग्रॅमला एक मिलिग्रॅम जरी धरलं असलं तरी सगळं मिळून अर्धा ग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुपर फॉस्फेट सातेक ग्रॅम, एक चमचा. आणि तोही हा दगड सहजी सोडणार नाही, मिरचीला काय घंटा मिळणार. मामाने ऐकून घेतलं, खर अंगणाच्या कडेला पुन्हा लाल मातीत ओतली, बरणी नळाखाली धरून विसळली आणि मामीला हाक मारली, "अगो, तुझी बरणी आली परत, कैऱ्या काढतो."